घड्याळजी आणि पिसांची पेटी

घड्याळजींविषयी मला फार थोडं ठाऊक आहे. समोरासमोर दारं, एकच जिना, गच्चीवर एकच पाण्याची टाकी. तरी त्यांचं मूळ गाव कुठलं, बायको कशानं गेली, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला लिहायचीही सवय नाही. पाणीपुरवठा खात्यात होतो तेव्हा तक्रारींना उत्तरं लिहिली, तेवढंच. ती वाचून कुणाचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा हे कितपत जमेल कोण जाणे. पण त्यांच्या घराच्या वासाबद्दल मी खात्रीनं लिहू शकेन. तो मला त्यांच्यापेक्षा जास्त ओळखीचा होता.

डांबराच्या गोळ्या, वाळत घातलेलं कातडं आणि नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश, यांचा मिळून तो वास. त्यांच्या दाराखालून निघायचा आणि थेट आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा. आमची ही म्हणायची, "स्वयंपाक आपला आणि वास त्यांचा, असं किती दिवस चालायचं?"

माणसाचा मूळ धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. लोक खिशातल्या फोनवर वेळ बघायला लागले तसा तो बसला. भिंग होतं, चिमटे होते, हात थरथरत नव्हते. मग त्यांनी पिसांच्या माश्या बांधायला घेतल्या. हा प्रकार मलाही उशिराच कळला, म्हणून सांगतो. नदीवर मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा एक पंथ आहे. हे लोक गळाला गांडूळ लावत नाहीत. गांडूळ लावणारा त्यांच्या लेखी गावंढळ. ते गळावर पिसं आणि केस दोऱ्यानं बांधून खोटी माशी करतात. ती पाण्यावर अलगद टाकली की मासा फसतो.

घड्याळजींच्या खिडकीजवळच्या टेबलाला एक छोटा चिमटा घट्ट बसवलेला होता. त्यात गळ अडकवायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि बारीक दोऱ्यानं एकेक पीस गुंडाळत जायचं. शेवटी डोक्याशी गाठ, गाठीवर पॉलिशचा थेंब. झालेली माशी सुंदर दिसे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कशातून निघाली हे पाहिलेलं असलं की सुंदर म्हणताना जीभ अडखळायची. पलंगाखाली पत्र्याची मोठी पेटी होती. तिच्यात कोंबड्यांच्या माना, पिसांसकट सोललेल्या, एकावर एक रचलेल्या. सशाचे कान. खारीच्या शेपट्या. कुणाच्या तरी मेलेल्या कुत्र्याच्या पाठीवरचे केस, पुडी बांधून. कापडवाल्यानं तागे उलगडावेत तसे ते हे सगळं माझ्यापुढे उलगडत.

"हात लावून बघा साहेब, किती मऊ आहे."

मी कारकून. ते मला साहेब म्हणत, त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. मी हात पाठीमागे बांधून म्हणे, "दिसतंय मऊ."

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे मासेमारी क्लबातली मंडळी. जिन्यातच ओळखू येत. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याला इतके खिसे की कुठल्या खिशात काय ठेवलंय ते त्यांनाच सापडत नसे. छातीवर कात्री, चिमटा, दोऱ्याची रिळं लोंबत असत, आणि पायऱ्या चढताना भांडीवाल्याची गाडी यावी तसा आवाज होई. नदीला निघाल्यासारखा थाट, आणि अंगावर चिखलाचा ठिपका नाही. त्यांचे अध्यक्ष सोफ्यांच्या दुकानाचे मालक होते. आम्ही त्यांना सोफावाले म्हणत असू. एकदा माझ्यादेखत त्यांनी एक माशी उजेडात धरली आणि ओठ मुरडले.

"जरा फिकट आहे हो. माझ्या जाकिटावर उठून नाही दिसत."

"मासा कुठं जाकीट बघतो?" घड्याळजी म्हणाले.

"मासा नाही बघत. बाकीचे बघतात ना."

बरं, धरलेला मासा हे लोक खात नाहीत. ओठातून गळ आरपार गेलेला मासा वर ओढायचा, तो हातात तडफडत असताना दात काढून फोटो घ्यायचा, आणि परत पाण्यात सोडला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. मी मासे खातो. पोटासाठी मारलेला मासा मला समजतो. ते दात काढणं समजत नाही. घड्याळजींच्या भिंतीवर गिऱ्हाइकांनी दिलेले असे फोटो होते. त्या फोटोंकडे पाठ करून बसलो तरच माझ्या घशाखाली चहा उतरायचा.

आणि घड्याळजींनी स्वतः जन्मात मासा हातात धरला नव्हता. त्यांना माशाची शिसारी होती. बाजारात मासळीच्या पाट्यांपुढून जाताना नाकाला रुमाल लावत.

"बुळबुळीत असतो, साहेब. आणि मेला डोळे मिटत नाही."

"आणि तुमचा तो ससा?"

"ससा कोरडा असतो."



घरात मुलगा, सूनबाई आणि लहान नात. सूनबाई भली होती. वासाबद्दल तिनं कधी तोंड वाजवलं नाही. पण या कामाचा एक नियम आहे. बाहेरून आलेलं कुठलंही कातडं आधी दोन पिशव्यांत बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं, चांगले काही आठवडे. कातड्यात कसरीची, म्हणजे लोकर-कातडं खाणाऱ्या किडीची, अंडी असली तर ती थंडीनं मरतात. मगच ते पेटीत जायचं. घड्याळजी हा नियम देवाच्या वाराइतका पाळत. एक दिवस सूनबाई बर्फ काढायला गेली आणि तिच्या हाताला कान लागले. बोलणं आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

"बाबा, हे काय आहे?"

"ससा आहे."

"अख्खा ससा?"

"छे गं. अख्खा कसा मावेल?"

त्या दिवसापासून कप्पा बंद. पोरीच्या दुधाशेजारी मढं नको, असं सूनबाई म्हणाली, आणि मला तिचं शंभर टक्के पटलं.

थोड्याच दिवसांत सोफावाले एका जुन्या कोंबड्याची मान घेऊन आले. त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांच्या सामानात सापडली होती. पिसं जुन्या तांब्याच्या रंगाची, टोकाशी काळी. क्लबाची वार्षिक स्पर्धा जवळ आली होती आणि सोफावाल्यांना याच पिसांच्या माश्या हव्या होत्या. घड्याळजी ती पिशवी घेऊन आमच्या दारात आले. बोलले माझ्याशी, बघत होते हिच्याकडे.

"वहिनी, तुमच्या बर्फाच्या कप्प्यात थोडी जागा होईल?"

"भावोजी, तुम्हाला रोज ताट वाढीन. पण कप्प्यात ससा नको."

"ससा नाही हो. नुसता कोंबडा आहे."

"मग साफ करून आणा, शिजवून देते."

ते हसले आणि पिशवी घेऊन परत गेले. नाही म्हटल्याबद्दल मी हिला आजही दोष देत नाही. पण ती मान त्यांनी तशीच, गोठवल्याशिवाय पेटीत ठेवली. रंगच असा होता की त्यांना दम निघाला नाही. इतकी वर्षं नियम पाळणारा माणूस, आणि मोडला तो एका मेलेल्या कोंबड्यापायी.

उन्हाळा लागता लागता नातीच्या मानेवर लाल पुरळ उठलं. मग खोकला. डॉक्टरांनी विचारलं, घरात लोकर, कातडं, पिसं असं काही आहे का? सूनबाईनं पोरीचं लोकरीचं पांघरूण उजेडात धरलं. त्याची चाळणी झाली होती, आणि भोकांच्या कडांनी तपकिरी, केसाळ अळ्या सावकाश चालल्या होत्या. त्या केसांनीच पोरीच्या अंगाची आग होत होती. पलंगाखालच्या पेटीतून त्या वर आल्या होत्या. हे लिहितानाही माझी मान खाजते.

मुलगा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, ती पेटी आणि ही पोर, एका घरात नाही राहायची."

"पेटी जाईल. कुठं जाईल तेवढं बघू दे."

क्लबात सामानाची एक खोली होती, तिला खिडकीही होती. तिथं पेटी हलवावी, दिवसा जाऊन बसावं, असा त्यांचा बेत. सोफावाले फोनवर म्हणाले होते, "आणा की, क्लब तुमचाच आहे." पेटी राहिली तर काम राहणार होतं, नाहीतर त्या हातांना करायला दुसरं काही नव्हतं. न्यायच्या आधी खराब माल निवडून काढायला पेटी गच्चीवर उन्हात न्यायची ठरली. एक कडी मी धरली, दुसरी त्यांनी. ही मागून झाडू घेऊन आली.

झाकण उघडलं आणि भुसा उडाला. भुसा कसला, खाल्लेल्या पिसांचा चुरा, अळ्यांच्या कातीच्या काती, काळी विष्ठा. माना जागच्या जागी हलत होत्या; वारा नव्हता. सशाच्या कानाला घड्याळजींनी हात लावला तर तो पापडासारखा मोडला आणि आतून पांढरं काहीतरी वळवळत सांडलं. मी टाकीला टेकून उभा राहिलो.

इतक्यात सोफावाले आले. जाकीट घालूनच आले. गच्चीच्या दारातच थबकले आणि नाकाला रुमाल लावला.

"अरे बापरे. हे तुम्ही क्लबात आणणार होता?"

"चांगलं तेवढं निवडून," घड्याळजी म्हणाले.

"नको, नको. आमच्या लोकांची जाकिटं असतात तिथं. आणि माझा सगळा गादीचा धंदा. कसर दुकानात शिरली तर मी कुणाच्या दारात उभा राहू?" मग म्हणाले, "स्पर्धेच्या माश्या झाल्या असतील तर तेवढ्या द्या."

"झाल्यात. तुमच्या सासऱ्यांच्या कोंबड्याच्याच आहेत. कसर त्याच मानेतून आली."

"मग राहू द्या," सोफावाले म्हणाले. जिना उतरताना त्यांची रिळं वाजत गेली. खाली जाऊन त्यांनी जाकीट काढून झटकलं, तेही एखाद्या गलिच्छ घरातून बाहेर पडल्यासारखं. इतकी किळस मला त्या पेटीचीही आली नव्हती.

हिच्याही मनात तेच आलं असावं. ती एकदम म्हणाली, "भावोजी, चांगलं असेल ते बांधून द्या. ठेवते आमच्या कप्प्यात."

घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तळाची एक मान उचलली. वरून धडधाकट दिसत होती. ती हातात घेतल्याबरोबर पिसं झडून गेली, आणि एक अळी त्यांच्या मनगटावरून बाहीत शिरली. त्यांनी हात झटकला. पुन्हा झटकला. मग कठड्याशी जाऊन ओकले. मेलेल्या जनावराच्या कानात बोट घालताना ज्या माणसाचं नाक कधी मुरडलं नाही, तो कठडा धरून वाकला होता.

"नको वहिनी," तोंड पुसत ते म्हणाले. "आता मलाच नको."

पत्र्याच्या पिंपात सगळं जाळलं. केस आणि कातडं जळल्याचा वास गल्लीभर पसरला. कुणी माणूस जाळतंय का म्हणून खालून विचारणा झाली. स्पर्धेच्या माश्यांची डबीही त्यांनी पिंपात उपडी केली. राखेत नुसते गळ उरले. ही ते झाडूनं गोळा करत होती तेव्हा घड्याळजी टाकीच्या नळाखाली हात धूत होते, आणि आम्ही खाली उतरलो तरी धूतच होते.

पुरळ गेलं. वासही गेला. खिडकीजवळचं टेबल सूनबाईनं पोरीला चित्रं काढायला दिलं. मी अधूनमधून समोर डोकावे, तेव्हा ते हात मांडीवर पालथे ठेवून बसलेले दिसत. बोलायला माझ्याकडे विषय नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. पुढे मुलाची बदली झाली. ते सगळे घर सोडून गेले तेव्हा मी माझ्या मुलीच्या गावी होतो. त्यानंतर वर्षभरातच घड्याळजी वारल्याचं कळलं.

मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी ते जिन्यात भेटले होते, तीच शेवटची भेट. नातीचं बोट धरून उतरत होते. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"हिला फ्रॉक घ्यायचाय."

"चौकातल्या दुकानात मिळतात. पण धुतल्यावर रंग जातो."

"जाऊ दे. धुता येतो ना?"

"धुता येतो."

"मग झालं."