ती कोणासारखी होती

माझी मुलगी मी पाहिलेली नाही.

आठवा महिना सरत आला होता. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून ती हललेलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावरून मशीन बराच वेळ फिरवलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी नवऱ्याला बाहेर बोलावलं. मला तिथेच कळलं. पण गेलेल्या बाळालाही जन्म द्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. कळा त्याच, घाम तोच. शेवटी खोलीत रडण्याचा आवाज तेवढा झाला नाही.

"मुलगी आहे," नर्स म्हणाली.

मी हात पुढे केले. सोबत आलेल्या आत्यासासूबाई म्हणाल्या, "नका दाखवू तिला. तोंड बघितलं की जीव अडकतो. पुढचं सुखरूप होऊ द्या." त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. नवऱ्याने तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घेतलं आणि ते व माझे दीर तापीकडे गेले. एवढ्या लहान जिवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना ओली रेती लागलेली होती. कुठे ठेवलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आम्ही मध्य प्रदेशात, बुऱ्हानपुरातल्या लालबागला राहतो. घरी आल्यावर मला दूध आलं. शरीराला कोणी काही कळवलंच नव्हतं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी करून छाती घट्ट बांधली. बांधताना त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. बहादरपूरहून माझी आई आली. तिने डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते, ते घेऊनच आली. "खा बाई," म्हणाली, "बाळंतपण तर झालंच आहे ना अंगाचं." मी खाल्ले. इतकी चव मला पुन्हा कशालाच लागली नाही, आणि त्याची मला लाज वाटत राहिली.

तिचं ना बारसं झालं, ना दहावा. जी आलीच नाही तिचं सुतक कोण धरणार? शेजारपाजारच्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, "वय काय झालंय तुझं? होईल दुसरं." नंतर त्याही यायच्या थांबल्या. सगळ्यांच्या लेखी ती गोष्ट संपली होती.

छुट्टी संपवून मी शाळेत गेले. मी पहिलीला शिकवते. पहिल्याच दिवशी एका मुलीने येऊन माझा पदर धरला आणि माझं काळीज असं धडधडायला लागलं, की मी खडू टाकून व्हरांड्यात गेले. हात ओले, कानात आवाज. मग ते रोजच व्हायला लागलं. रिक्षात व्हायचं, भाजी घेताना व्हायचं. वेणी घालायचं मी सोडून दिलं. जेवण समोर आलं की खायचं, नाही आलं तर नाही. डॉक्टरीणबाईंकडे तपासायला गेले तेव्हा त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या घेच. पण आणखी एक सांगते. बाळ गेलेल्या बायकांचा एक गट आहे, फोनवर. तिथे एकमेकींना लिहितात. जाशील का?"

गट जळगावकडच्या एका बाईंनी सुरू केलेला होता. त्यांचे नियम थोडे होते. फोन करायचा नाही, लिहायचं. सल्ला द्यायचा नाही. "देवाची मर्जी" असं म्हणायचं नाही, आणि "दुसरं होईल" असं तर मुळीच नाही.

आता माझी पंचाईत अशी, की आम्ही घरात मराठी बोलतो, पण माझं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. शिकवतेही हिंदीतच. मराठी मी जन्मभर बोलले, लिहिली कधीच नव्हती. हिंदीत लिहायला बसले तर वाक्यं अर्जासारखी व्हायची. शेवटी जसं तोंडात येतं तसं लिहिलं: "माझी मुलगी पोटातच गेली. मला दूध आलं होतं. त्याचं काय करायचं ते मला कोणी सांगितलं नाही."

थोड्या वेळाने उत्तरं येऊ लागली. कोणी मोठं काही लिहिलं नव्हतं. एकीने लिहिलं, "वाचलं. मी आहे इथे." दुसरीने लिहिलं, "मी दूध मोरीत पिळायचे आणि नळ चालू ठेवायचे, आवाज जाऊ नये म्हणून." मी ते वाचलं आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. मीही तेच करत होते.

तिथेच ती भेटली. देडतलाई गावची होती, तिथल्या बाजारात त्यांचं छोटं किराणा दुकान. अर्धं मराठी, अर्धं हिंदी लिहायची. तिचा मुलगा तापाने गेला होता. "चालायला लागला था ताई," तिने लिहिलं होतं, "दुकानात गुळाच्या ढेपीला धरून उभा राहायचा." ती मला ताई म्हणायची. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी लिहायचे, दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती लिहायची. आज काय खाल्लं, आज कशाने रडू आलं, आज कोण काय बोललं. ज्या दिवशी मला वर्गात बसवत नसे त्या दिवशी ती लिहायची, "खिडकीजवळ जा. थंडं पाणी पी. मग सांग मला." मी पाणी प्यायचे आणि तिला सांगायचे.

एकदा तिने तिच्या मुलाचा फोटो पाठवला. काजळ फिसकटलेलं, तोंडात बिस्कीट. खाली लिहिलं होतं, "बापासारखा आहे ना? आणि ताई, तुमची कोणासारखी होती?"

मी मेथी निवडत होते. फोन पालथा टाकला. माझ्या पोटातली मुलगी कोणासारखी होती, हे मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मला तिचा एवढा हेवा वाटला, की काय सांगू. मेलेल्या मुलाच्या फोटोचा हेवा. तिला मी तसं लिहिलंही. मग तिने लिहिलं, "माझ्याजवळ आहे म्हणून मी पाठवला. तुमच्याजवळ नाही हे सुचलं नाही. पण कोणीतरी बघितलं असेल ना?"

बघितलं होतं. नवऱ्याने बघितलं होतं.

रविवारी नाश्ता करताना मी विचारलं, "अहो, ती कोणासारखी होती?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "कशाला आता?"

"मला माहीत नाही म्हणून."

"नको काढूस ते," म्हणाले आणि ताटावरून उठून दुकानात निघून गेले. रविवारी दुकान बंद असतं.

शेतीच्या ठिबकच्या नळ्या आणि पाण्याच्या मोटारींचं सामान विकायचं त्यांचं दुकान आहे. माझ्या दुःखात मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. आता बघायला लागले. बिलं चुकत होती. गिऱ्हाईक एक मागायचं, हे दुसरंच काढून द्यायचे. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात जाऊन ईसीजीची पट्टी काढून आले होते, मला न सांगता. हृदय चांगलं निघालं होतं. मी देडतलाईला लिहिलं, "हे बोलत नाहीत." तिने लिहिलं, "आमचेही नव्हते बोलत. आपल्याला रडायला बायका मिळाल्या ताई. माणसं कुठे जातील? बोलता येत नसेल तर लिहायला सांगा."

मी सांगितलं. ते म्हणाले, "मी काय लिहिणार? मला बिल लिहिता येतं."

मी पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मधल्या सुट्टीत, त्यांचा मेसेज आला.

"केस खूप होते. काळे. कपाळ माझ्या आईसारखं रुंद. हनुवटी तुझी. नखं वाढलेली होती, मला वाटलं कापायला पाहिजेत. ओठ जांभळे होते म्हणून तिथे मी नीट बघितलं नाही. गाडीत माझ्या मांडीवर होती. भाऊ म्हणाला मी धरतो, मी दिली नाही. रस्त्यात खड्डा आला तेव्हा मी तिचं डोकं सांभाळलं. नंतर मनात आलं, आता कशाला. पण सांभाळलं. चांगली जड होती. तुला नाही दाखवली, त्यांचं ऐकलं. तुझ्याजवळ द्यायला पाहिजे होती."

पोरं अंगणात ओरडत होती. मी ते किती वेळ वाचत उभी होते, ठाऊक नाही. मोठ्या बाईंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "तू जा. वर्ग मी बघते."

मी दुकानात गेले. ते नळ्यांच्या वेटोळ्यांच्या मागे स्टुलावर बसले होते, फोन हातात घेऊन. मी जवळ गेले तर माझ्या पोटाशी डोकं लावून रडायला लागले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज कसा फुटत होता, जणू अंगातून काहीतरी ओढून काढतायत. तेवढ्यात माहेरच्या गावचे एक ओळखीचे काका केळीच्या बागेसाठी सामान घ्यायला आले. ते दारातच थबकले, डोक्यावरची टोपी सारखी केली, "मी उद्या येतो," म्हणाले, आणि जाताना शटर अर्धं खाली ओढून गेले.

त्याच संध्याकाळी मी म्हटलं, मला जागा दाखवा. आम्ही तापीवर गेलो. ते काठाने पुढे गेले, मागे आले, एका झाडाजवळ थांबले, परत पुढे गेले. पावसाळ्यात पूर येऊन गेला होता. काठ कापला गेला होता, रेती कुठल्या कुठे सरकली होती. "इथेच कुठेतरी," म्हणाले. मग म्हणाले, "नाही गं. आता नाही सांगता येत." आम्ही पाण्याकडे तोंड करून उभे राहिलो. हळदीकुंकू नेलं होतं, ते पाण्यात सोडलं.

मी त्यांना विचारून तो मेसेज देडतलाईला पाठवला. तिने फक्त एवढंच लिहिलं, "रुंद कपाळ, तुमची हनुवटी. देखणी होती ताई." माझ्या मुलीला देखणी म्हणणारी ती पहिलीच.

नंतर ती एकदा दुकानाचा माल भरायला बुऱ्हानपुरात आली, तेव्हा आम्ही भेटलो. मला वाटायचं ती थोराड असेल. निघाली माझ्याहून लहान, बारकी, भित्र्या डोळ्यांची. लिहिताना एवढं बोलणाऱ्या आम्ही दोघी मिठाईच्या दुकानात मुक्यासारख्या बसलो. जिलेबी गार झाली. निघताना तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही, बस लागेपर्यंत.

पुढे काही महिन्यांनी तिचा मेसेज आला. गटावर नाही, मला एकटीला. "ताई, दिवस गेलेत. सासू म्हणते लेकरं गेलेल्या बायांमध्ये बसू नको, नजर लागते. मी मानत नाही पण डर लगता है. मी आता लिहिणार नाही. राग नका मानू." मी लिहिलं, "राग नाही. जप." तिने ते वाचलं. त्यानंतर गटातून तिचं नाव गेलं.

राग नव्हता, पण तो दिवस मला फार जड गेला. ज्या बाईने माझ्या मुलीला देखणी म्हटलं, तिलाच आता माझी भीती वाटत होती. मीही तिच्या जागी घाबरलेच असते, हे कळत होतं. कळून दुखायचं थांबत नाही.

गटात मी अजून आहे. नव्या बायका येतात, मी वाचते, "वाचलं, मी आहे" असं लिहिते. गोळ्या कमी झाल्या आहेत. शाळेत धडधडतं कधीतरी. आम्हाला दुसरं मूल झालेलं नाही. नवरा-बायको आम्ही आता तिच्याबद्दल बोलतो, अगदी जेवतानाही, आणि मग एकाला रडू येतं.

देडतलाईकडचे लोक ह्यांच्या दुकानात सामानाला येतात. बाजारातल्या त्या किराणा दुकानाचं नाव काढलं तर तिचं काय झालं ते एका वाक्यात कळेल. हेही म्हणतात, विचारू का? मी नको म्हणते. सगळं सुखरूप झालं असेल तर तिला माझी आठवण नकोच. आणि झालं नसेल, तर ती लिहील. अजून तिने लिहिलेलं नाही.