काट्यापासून ऑफिसापर्यंतची तार

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडं इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी हंगामी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. बारामतीला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळं पंचक्रोशीतले बंद पडलेले मिक्सरसुद्धा लोक मलाच दाखवायला आणत.

काट्यावरचं उसाचं वजन थेट ऑफिसातल्या मशीनवर उमटावं, म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं केबल टाकली. एवढी लांब, की या टोकाला न्याहारी करून निघालेला माणूस त्या टोकाला जेवायलाच पोचायचा. पण वजन तिकडं उमटेपर्यंत गाडीतला ऊस वाळून सरपण झाला असता. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, तार सोन्यासारखी आहे, प्रोग्रॅम मंद आहे. प्रोग्रॅम माझा होता. कारखान्याच्या साहेबांनी मला ऐकवलं, गाळप सुरू होऊन गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत हे मिटलं नाही, तर दुसरा माणूस बघू.

इंजिनिअर तार तपासून दाखवायला काट्याच्या केबिनमध्ये बसला. त्यानं आधी मला ऑफिसात पिटाळलं. तिथल्या मशीनवर मी एक ओळ टाइप केली आणि ते मशीन कान टवकारून बसलं. मी परतल्यावर त्यानं इकडून तसलीच ओळ मारली, एंटर दाबलं, आणि माहितीची हजारो पाकिटं तारेत सोडली. पडद्यावर वेगाचा आकडा आला. तेवढ्या जोरानं पाणी सुटतं, तर सुप्याच्या कोरड्या माळावर भात पिकला असता. मला वाटलं, भरली आपली घटका.

काट्याचे कारकून तात्या कोपऱ्यात पान जुळवत होते. हा गृहस्थ सूर्य उगवला तरी आधी घड्याळ बघायचा, मग विश्वास ठेवायचा.

"हितनं किती सुटलं ते कळलं," तात्या म्हणाले. "तितं किती पोचलं?"

"तेवढंच की," इंजिनिअर म्हणाला.

"फडात किती मोळ्या भरल्या ते गाडीवानबी सांगतो, साहेब. आमी तेवढ्यावर पावती फाडतो व्हय?"

इंजिनिअर रुमालानं चष्मा पुसू लागला. तेव्हाच मला लबाडीचा वास आला. पोच न मागता पाकिटं नुसती फेकायची पद्धत त्यानं निवडली होती. त्यानं ती मुद्दाम निवडली, असा माझा आजही संशय आहे.

मी ऑफिसाकडं असा पळालो, की चप्पल मागून आली. तिथल्या पडद्यावर आकडा होता: निम्मी पाकिटंसुद्धा पोचली नव्हती.

मग तात्या आणि मी तार चाचपत निघालो. गव्हाणीच्या शेडमागं, पत्र्याआड, केबल कमी पडली म्हणून कंपनीच्या माणसांनी मधे टीव्हीच्या अँटेनाची वायर जोडलेली. ती बदलली आणि वजन, काटा हलायच्या आत, ऑफिसात हजर होऊ लागलं.

साहेबांनी मला हंगामभर ठेवलं. तात्यांनी मात्र रोज सकाळी तीच चाचणी घ्यायला लावली. इकडचा आकडा ते स्वतः वाचायचे, तिकडचा वाचायला मी जायचो. माझ्यासोबत ते वॉचमनला धाडायचे. मी खरं वाचतोय का, ते बघायला.