फुलीवरचं वाक्य

नाटक कंपनीतल्या मावशींनी तीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवले. नट मुद्दाम थांबतो तिथे त्यांच्या वहीत पेन्सिलीची फुली असे, आणि फुलीवर तोंड उघडायचं नाही, हा कंपनीचा नियम. कंपनीतले म्हातारे नट दादा एका प्रयोगात फुलीपाशी थांबले, ते थांबलेच. मावशींना त्यांचे डोळे रिकामे दिसले. त्यांनी हळूच वाक्य पुरवलं. दादांनी ते उचललं, टाळ्याही घेतल्या.

पडदा पडताच मालक गरजले, "मावशी, फुलीवर बोललात?"

"वय झालं हो, फुली दिसलीच नाही."

"मग घरी बसा!"

तोंडाचा रंग पुसणारा दादांचा हात थांबला. "मालक, मावशींची नजर शाबूत आहे. आठवण माझी गेलीय. घरी मी बसतो."

मावशींना पुढचा शब्द काही सुचला नाही.