मध्यंतरानंतरची पेटी

वहिनी गेल्याचा फोन पुतण्याने हिंजवडीहून केला, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो, "आधी का नाही कळवलंस?" जणू काही त्या वेळ ठरवून गेल्या होत्या... तसं त्यांनी आयुष्यात कुणाला विचारून काही केलंच नाही. याला महिना होऊन गेला.

फार वर्षांपूर्वी दादा गेला आणि शनिवार पेठेतलं आमचं छोटं थिएटर वहिनींकडे आलं. घरोघरी केबल पोचली होती. आमच्या खुर्च्यांत माणसांपेक्षा ढेकूण जास्त. जागा बिल्डरला द्यावी असं घरात ठरलं, पुढाकार अर्थात माझा. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, ज्या दिवशी एक खेळ रद्द होईल, त्या दिवशी सही करते. तोवर कागद तुमच्याकडेच सांभाळा." मी मनात म्हटलं, दिवाळीपर्यंत काम फत्ते.

पण बाई खमक्या. नव्या चित्रपटाची प्रिंट आम्हाला एकट्यांना कोण देणार? म्हणून त्यांनी लोणी काळभोरच्या तंबू थिएटरवाल्याशी संधान बांधलं. दुपारी प्रिंट आमच्याकडे, रात्री तंबूत, आणि सकाळी बबनच्या भाजीच्या टेम्पोतून परत. पत्र्याच्या दोन पेट्या. एकीत मध्यंतरापर्यंतची रिळं, दुसरीत नंतरची.

एका रविवारी बबन एकच पेटी घेऊन उगवला. "वहिनी, दुसरी मंडईत उतरली जणू. हमालांनी भाजीसंगं सगळंच खाली घेतलं. लय हुडकली, दिसंना." बाहेर तिकिटाला रांग लागलेली. मी मनातल्या मनात पेनाचं टोपण काढलं. "रद्द करा खेळ," म्हटलं, "अर्धा चित्रपट कसा दाखवणार?"

"अर्धा आहे ना? मग लावा," त्यांनी ऑपरेटरला सांगितलं. आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढा."

मंडईत गाळ्यागाळ्यांतून फिरलो. वहिनी सगळ्यांना विचारत पुढे, मी घड्याळ बघत मागे. पेटी सापडली ती एका कोथिंबीरवाल्या मावशींच्या बुडाखाली. "सकाळधरनं बसलेय, कुणी काय म्हणालं नाय," मावशी म्हणाल्या. "आता काय चिखलात बसू व्हय?" मुद्दा बिनतोड होता. वहिनींनी हुज्जत घातली नाही. "भावजी, स्टेपनी सोडवा." मावशींनी चाक दाबून पाहिलं, वर पोतं टाकलं आणि बसल्या.

पेटी मांडीवर घेऊन वहिनी स्कूटरवर मागे बसल्या. आता सगळं माझ्या हातात होतं. नुसती सावकाश चालवली असती, तरी सही झाली असती... पण मागून आवाज आला, "लोक थांबलेत हो भावजी." एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज कापरा झालेला मी तेव्हाच ऐकला. मग मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. पोचलो तेव्हा मध्यंतर संपत आलं होतं, मंडळी वडे खात होती. रीळ चढलं. कुणाला काही पत्ता नाही. स्कूटर माझी, स्टेपनी माझी, आणि जिंकल्या वहिनी. मला त्याचा भलताच आनंद झाला होता, पण घरी बोललो नाही.

तेव्हापासून मध्यंतर झालं की वहिनी मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. पडदा पुन्हा उजळला की मगच बसायच्या. पुढे मल्टिप्लेक्स आली, आणि एका दुपारी आमच्याकडे एकही तिकीट गेलं नाही. संध्याकाळी त्यांनीच फोन केला, "खेळ रद्द झाला, भावजी. आणा कागद." मी चार दिवस टाळलं. शेवटी वहिनीच घरी आल्या आणि सही करून, चहा पिऊन गेल्या.

परवा नात मला मॉलमध्ये सिनेमाला घेऊन गेली. आजोबा गप्प गप्प असतात म्हणून. मध्यंतर संपत आलं तसा मी उठलो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. का, ते मलाही सांगता आलं नसतं. नात मागोमाग आली.

"काय झालं आजोबा? बसा ना."

"सुरू होऊ दे, मग बसतो."

"अहो, होणारच सुरू! आता सगळं सर्व्हरवर असतं. काही हरवत नाही."

"असेल," मी म्हटलं. पडदा उजळला. नात हात धरून ओढत होती, पण मला बसवेना. तिथंच दाराशी उभा राहून मी वहिनींसाठी पहिल्यांदा रडलो.