सहपत्र: काटेसावरीची पाच फुले

माघ सरताना काटेसावरीचं फूल पत्र्यावर पडतं तेव्हा त्याचा आवाज होतो. ओल्या मातीचा गोळा टाकावा तसा, जड आणि स्पष्ट. धाड गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बसथांब्याच्या पत्र्यावर तो मी पहिल्यांदा ऐकला, त्या रविवारी वारा नव्हता, ऊन कोवळं होतं, झाडूवाल्यांनी पेटवलेल्या कडुनिंबाच्या पानांचा कडसर धूर रस्त्यावर रेंगाळत होता, आणि डोक्यावर, एकही पान नसलेल्या फांद्यांत, लाल फुलांच्या वाट्या उष्टावत साळुंक्यांचं भांडण रंगात आलं होतं.

आम्ही तिघं होतो. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या इंगळेबाई, आयुष्यभर एसटी चालवलेला माझा वर्गमित्र भास्कर, आणि वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं घालवून आता जिल्ह्याच्या पुरवणीला अधूनमधून मजकूर पाठवणारा मी. थंडी ओसरू लागली की दर रविवारी आम्ही गावातच भटकतो. वसंत बघायला जंगलात जावं लागतं हे आम्हाला मान्य नाही. तो बाजार समितीच्या कुंपणाबाहेर करंजाच्या कोवळ्या, तेल लावल्यासारख्या पानांवर असतो, दवाखान्यामागच्या आंब्याच्या मोहोरात असतो, आणि उतारावरच्या पळसांवर तर तो कुणाची परवानगी न घेता येऊन बसलेला असतो.

काटेसावरीच्या खोडावर पांढऱ्या रंगात चारचा आकडा होता आणि त्याखाली फुली. बाईंनी तो बोटाने पुसून पाहिला. रंग वाळलेला होता. मला आकडा पाहताक्षणी कळला, कारण ती बातमी माझीच होती. रस्ता रुंद करायचा म्हणून एका कार्यालयाने झाडांची यादी केली होती. सात झाडं, शेरा एकच, वाळलेली व धोकादायक. हरकतीची मुदत दिली होती. पौषात त्या कार्यालयाकडून आलेल्या टिपणावरून मी चार ओळी लिहिल्या, मथळा दिला, आणि चहा प्यायला गेलो. वाळलेल्या झाडांसाठी हरकत कोण घेणार? कुणीच घेतली नव्हती. मुदत दुसऱ्या दिवशी, सोमवारी संपत होती.

मी हे सांगितलं. भास्कर वर बघत म्हणाला, "काऊन बे, तू पाह्यलं होतं का हे झाड?"

मी नाही म्हणालो.

"म्हंजे न पाह्यताच मारलं त्याले."

ज्यांनी यादी केली त्यांनी निदान झाडापर्यंत येऊन पाहिलं होतं. चूक एवढीच की पान गळून गेल्यावर आणि फूल लागण्याआधी ते आले. काटेसावर, पळस, पांगारा ही झाडं फुलण्याआधी उघडी होतात हे बाईंनी गावातल्या अर्ध्याअधिक पोरांना शिकवलं होतं, आणि ती पोरंच आता कार्यालयांत बसली होती. बाई रागावल्या नाहीत. "परीक्षेपुरतं पाठ केलं असेल," एवढंच म्हणाल्या, आणि पिशवीतून वही काढली.

दुपारपर्यंत आम्ही सातही झाडं गाठली. उतारावरचे चार पळस, थांब्याजवळची आणि नाल्याकाठची अशा दोन काटेसावरी, आणि शेवटी शाळेच्या भिंतीलगतचा कडुनिंब. सहा झाडं फुललेली होती. कडुनिंब मात्र खरोखर मेलेला होता. बाईंनी नखाने साल खरवडली, खाली हिरवं काही नव्हतं. भास्करचं म्हणणं, हे एक कशाला लिहायचं. बाईंचं म्हणणं, हे लिहिलं नाही तर बाकीच्या सहांवर कोण विश्वास ठेवेल. अर्ज बसथांब्याच्या बाकावर माझ्या अक्षरात लिहिला गेला, आणि यादीतील पाचव्या क्रमांकाचे झाड, कडुनिंब, मृत आहे, हेही त्यात आलं. मी लिहीत असताना भास्करने खाली पडलेली फुलं रुमालात गोळा केली. झाडावरचं एकही तोडलं नाही.

सोमवारी कार्यालयात टपाल घेणाऱ्या कारकुनाने अर्ज वाचला, मग रुमालाकडे पाहिलं.

"मॅडम, हे फुलं कुठं ठेवू मी? फाइलीत तं बसत नाहीत."

"सहपत्र आहे ते," बाई म्हणाल्या. "अर्जाखाली लिहिलंय बघा. सोबत, काटेसावरीची फुले, नग पाच. मोजून घ्या."

"आवक वहीत फुलं कोणी लिहिते का?"

"वाळल्या झाडाचे हायेत," भास्कर म्हणाला. "ताजे हायेत साहेब. कालच पडले."

कारकून हसला नाही. त्याने एकेक फूल टेबलावर सरळ रांगेत ठेवलं, मोजलं, आणि वहीत तसं लिहिलं. आमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारला तेव्हा एका फुलाचा रस त्या कागदाला लागला. तो डाग शिक्क्यापेक्षा ठळक आहे. त्याच संध्याकाळी मी पुरवणीला खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात छापून आला. चूक मथळ्यासह छापली गेली होती, दुरुस्तीला मथळा मिळाला नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात मी तो पुन्हा पाठवला. अजूनही पाठवतो.

निर्णय आलेला नाही. तो कोणता येईल हे मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. आकडा अजून खोडावर आहे आणि आम्ही अजून रविवारी थांब्याच्या बाकावर बसतो. गेल्या खेपेला अमडापूरकडे निघालेला एक प्रवासी शेजारी येऊन बसला. पत्र्यावर धप्पकन आवाज झाला तसा तो दचकला, वर पाहून म्हणाला, "काय पडलं जी?"

"सावर हाय," भास्कर म्हणाला. "जिती हाय."

माणूस बराच वेळ वर बघत राहिला. त्याची बस आली, तरी लगेच उठला नाही. मी घड्याळ पाहिलं आणि फूल पडल्याची वेळ बाईंच्या वहीत, चौथ्या झाडापुढे लिहिली.