सुकेशनीचा हुंकारा

आमच्या सुकेशनीला ऐकायला मी शिकवलं, हे मी पाचोडच्या बाजारात भेटेल त्याला सांगतो. आम्ही पिढीजात मेंढरंवाले. राखणीला बसलं की एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. माझा चुलता भिकन तर हुंकारा आला नाही म्हणून राजाला विहिरीत लटकता ठेवून झोपी गेला. तो राजा अजून तिथंच आहे. असो.

तर ही माझी नात. संभाजीनगरच्या एका हॉटेलात रिसेप्शनची जागा निघाली होती. फोनवर इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं नीट समजलं, तरच घेणार होते. म्हणून तिनं उस्मानपुऱ्यातल्या गझाला मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. मॅडम इंग्रजीत काहीबाही वाचायच्या, पोरांनी ऐकून उत्तरं द्यायची. आमचं लेकरू प्रत्येक वाक्याला "हं". हिचं "हं" आलं की बाकीच्यांना मॅडमचा आवाज तुटक यायचा.

"सुकेशनी, माइक बंद करो बेटा," मॅडम म्हणाल्या.

माइक बंद झाला अन् पोरीचं ध्यानच उडालं. चाचणीत सगळी उत्तरं चुकली. पोर जेवेना.

"मॅडमला खरं काय ते सांग की," मी म्हटलं.

"काय सांगू, आबा? मेंढरामागून आले म्हणून?"

"मग, खोटं हाय का?"

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. मॅडमला हसू आलं. "आमची खुलताबादची नानी गोष्ट सांगताना आम्ही 'फिर?' म्हटल्याशिवाय पुढं जायचीच नाही. तू दे हुंकारा, पण माइक बंद ठेवून. आणि 'हं' नको, ऐकलेल्यातलाच एखादा शब्द म्हण."

मग काय, घरात दिवसभर "टॉवेल", "लेट", "ब्रेकफास्ट". आमची सून कस्तुराबाई म्हणाली, "पोरगी भिंतीशी भांडती काय?"

परीक्षा फोनवर झाली. हॉटेलच्या बाई गिऱ्हाईक होऊन तक्रार करत होत्या. फोन स्पीकरवर, मी दाराशी बसलेलो. आमची पोर मधेमधे "हॉट वॉटर, यस", "टू चिल्ड्रन, यस". त्या बाईंचं घरी कुणी एवढं ऐकत नसावं, थांबायचं नावच घेईनात. शेवटी सुकेशनीनं त्यांची सगळी तक्रार त्यांनाच इंग्रजीत सांगून दाखवली.

"सोमवारपासून या," बाई मराठीत म्हणाल्या.

एवढं इंग्रजी ऐकणारी पोर, पण हे वाक्य तिनं बाईंना पुन्हा म्हणायला लावलं.