पाण्याच्या पाळीचा प्रोग्रॅम आणि मारणेबाई

शैलजा मारणे यांना, म्हणजे आम्हां सर्वांच्या बाईंना, मी पहिल्यांदा भेटले ती भाडेकरू म्हणून. भुकूमला त्यांच्या घरामागच्या खोल्यांत आयटीतली मुलंमुली राहत. आम्ही नवराबायको लातूरहून येऊन त्यातल्याच एका खोलीत उतरलो होतो. बाई गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. भाडेकरूंकडूनच प्रोग्रॅमिंग शिकून त्यांनी पडवीत क्लास सुरू केला होता.

मी उरवड्याला एका कारखान्यात हिशेबाचं काम करत होते. तिथलं ऑफिस बंद होणार हे कळलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. रोज नवं माहितीपत्रक आणायचं, वाचायचं, दुसऱ्या दिवशी मन बदलायचं. जावा करू, डेटाबेस करू, की टेस्टिंग? आमची मुलगी मुक्ता तेव्हा नुकती चालायला लागली होती. चुकीचा कोर्स निवडून पुन्हा सुरुवात करायची मला सोय नव्हती.

वर्गात बाईंची भाषा पुस्तकी, पडवीत मात्र मुळशीची. माझी माहितीपत्रकं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. "ते मागनं बघू. आदी हे बघ," म्हणत त्यांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. कोणत्या खोलीने कोणत्या दिवशी पाण्याची मोटर लावायची, ते ठरवणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. खोली रिकामी असली तरी तो तिला पाळी द्यायचा. मग त्या दिवशी टाकी कोरडी आणि सगळी बिऱ्हाडं बाईंच्या दारात. चूक शोधायची, एवढंच सांगून बाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या.

दुपार गेली. मला चूक सापडली नाही. कंटाळून मी सगळ्याच खोल्या रिकाम्या टाकून बघितल्या, तर प्रोग्रॅम जागीच अडकला.

"बाई, बंद पडला."

"काय केलंस?"

"सगळ्या खोल्या रिकाम्या केल्या."

"माझं समदं भाडेकरू घालवलंस व्हय?" बाई हसल्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "चिडलीस, पण उठली न्हाईस. आन् दुरुस्त करायचं सोडून मोडून बघितलंस. टेस्टिंग घे तू."

त्या एका वाक्यावर माझी आजवरची नोकरी उभी आहे. पुढे मी रविवारी बाईंच्या क्लासला हातभार लावू लागले, तेव्हा कळलं की सल्ला मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी हा बिघडलेला प्रोग्रॅम देतात. दुरुस्ती कुणाला येते, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. अडल्यावर माणूस काय करतो, ते त्या तांदळातून मान वर न काढता बघत असतात.

एकदा कासार आंबोलीचे एक गृहस्थ आले. नुकतीच जमीन विकली होती. "बाई, पोरासाठी सगळ्यात भारी कोर्स सांगा. पैशाची काळजी न्हाई."

"पोरगं कुटंय?"

"गाडीत बसलंय."

"मग त्याला हितं बसवा आन् तुमी गाडीत बसा," बाई म्हणाल्या.

तो मुलगा प्रोग्रॅमकडे न बघता टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर तपासत राहिला. बाईंनी त्याला नेटवर्किंगकडे वळवलं. आज तो पिरंगुट भागातल्या कारखान्यांची नेटवर्क सांभाळतो आणि बाईंचं वायफाय अडलं की न बोलावता येतो.

बाईंचा सल्ला चुकत नाही, अशी माझी या उन्हाळ्यापर्यंत खात्री होती.

मुक्ताची बारावी झाली. एआयची इंजिनिअरिंग शाखा, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, की बी.सी.ए.? नवऱ्याचं मत एक, तिच्या मैत्रिणींचं दुसरं. माझ्या कंपनीत आता यंत्रच प्रोग्रॅम लिहितं, यंत्रच तपासतं. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होताना मी बघते आहे. जे क्षेत्र माझ्याच पायाखालून सरकतंय, त्यात लेकीला कोणत्या दारातून पाठवू? प्रवेशाची मुदत जवळ आली, तशी मी तिला घेऊन पडवीत गेले.

बाईंनी तोच प्रोग्रॅम दिला. मुक्ताने तो फोनवरच्या एआयला दाखवला आणि चहा यायच्या आत दुरुस्त करून ठेवला. मला ओशाळल्यासारखं झालं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"हो, आजी."

"बरोबर हाय?"

"हो."

"कशावरनं?"

मुक्ता पुन्हा स्क्रीनकडे वळली. एक भाडेकरू आठवड्याच्या मध्येच राहायला आला असं धरून तिने पाहिलं, तर दोन खोल्यांना एकाच दिवशी पाळी आली. त्यानंतर ती मान वर करीना.

मी हळूच विचारलं, "बाई, काय घेऊ दे तिला?"

"मला ठाऊक न्हाई."

इतक्या वर्षांत हे उत्तर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाच वर्सांनी काय चालंल, हे मी कुटनं सांगू? ठाऊक हाय म्हनले तर ती फसवणूक झाली. तिलाच विचार. बसलीय अजून."

परतताना मुक्ता म्हणाली, "आई, मी बी.एस्सी. करते, गणित ठेवून. बरोबर आहे हे कशावरून, ते मला सांगता आलं पाहिजे." तिने अर्ज भरला. माझी धाकधूक थांबलेली नाही. रोज एकदा तरी वाटतं, दुसरं काही भरायला हवं होतं का. पण निवड तिने केली आहे, आणि अडल्यावर ती उठून गेली नाही.

निघताना बाईंनी तिला सांगितलं होतं, "ते फोनवरचं मला शिकव. रविवारी ये." पंचाहत्तरीच्या बाई आता दर रविवारी माझ्या मुलीच्या विद्यार्थिनी आहेत आणि दर उत्तराला "कशावरनं?" विचारून तिला घाम फोडतात.

बाई, तुमची दृष्टी अशीच स्वच्छ राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि वर्षं भरपूर लाभोत. यात माझा स्वार्थ आहे. मुक्ताचं काहीतरी अडेल, मी घाबरेन, तेव्हा समोर तुम्ही सूप घेऊन बसलेल्या हव्यात, काही न सांगता.